फोन एकच, पेपर दोन : तंत्रनिकेतनांतील नेटवर्क सुरक्षा आणि मोबाईल ॲप

चारबाग (लखनौ) : घुमटांच्या भव्य रेल्वेस्थानकामुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या चारबाग परिसरातच, गुरु गोविंदसिंग मार्गावरील बांसमंडी भागात, उत्तर प्रदेशच्या प्राविधिक शिक्षा परिषदेचे कार्यालय आहे. महाराष्ट्रात ज्याला तंत्रशिक्षण मंडळ म्हणतात, त्याचे हे उत्तरेकडील रूप. दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या अभियांत्रिकी पदविकेचा अभ्यासक्रम लागू करणे, परीक्षा घेणे आणि पदविका देणे ही कामे येथून चालतात. गोरखपूरपासून झाशीपर्यंतच्या तंत्रनिकेतनांत कोणत्या विषयाला किती तास आणि किती गुण, हे अखेर या कार्यालयाच्या कागदावर ठरते. महाराष्ट्रासाठी हेच काम मुंबईत वांद्रे (पूर्व) येथील खेरवाडीतून होते.

संगणक आणि माहिती तंत्रज्ञान शाखांच्या पदविकेत आज दोन विषयांकडे विद्यार्थ्यांचा ओढा आहे : नेटवर्क सुरक्षा आणि मोबाईल ॲप विकसन. एक विषय कुंपण घालायला शिकवतो, दुसरा घर बांधायला. अडचण अशी की हे दोन स्वतंत्र पेपर असतात, त्यांच्या प्रयोगवह्या स्वतंत्र असतात आणि शिक्षकही बहुधा वेगळे असतात. परिणामी एखादा विद्यार्थी सुरक्षेच्या पेपरात कूटलेखनाची व्याख्या बिनचूक लिहितो आणि त्याच आठवड्यात ॲपच्या प्रात्यक्षिकात वापरकर्त्याचा पासवर्ड जसाच्या तसा साठवून ठेवतो. त्याला दोन्हीकडे गुण मिळतात. ज्याच्या फोनमध्ये ते ॲप जाणार आहे, त्याला मात्र यातले काहीच ठाऊक नसते.

हा विद्यार्थी पंधराव्या-सोळाव्या वर्षी तंत्रनिकेतनात येतो आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडतो. काही जण अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात, बाकीचे कामाला लागतात. तालुक्याच्या गावी दूध संकलन केंद्राला, खासगी शिकवणीला, पतसंस्थेला, दवाखान्याला ॲप हवे असते आणि मोठ्या कंपनीला देण्याइतके पैसे त्यांच्याकडे नसतात. ते काम या मुलांकडे येते. अशा ॲपमध्ये शेकडो घरांचे फोन क्रमांक, पत्ते, उधारीचे आकडे, प्रसंगी आजारांच्या नोंदी असतात. मोठ्या कंपनीत लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. येथे दोन्ही कामे एकाच मुलाची. म्हणून सुरक्षेचे शिक्षण पदवीधर अभियंत्यापेक्षाही पदविकाधारकासाठी अधिक निकडीचे आहे.

अभ्यासक्रमाचा कागद

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०१७-१८ पासून लागू केलेल्या ‘आय’ आराखड्यात संगणक पदविकेच्या सहाव्या सत्रात हे दोन्ही विषय शेजारी होते : ‘मोबाईल ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट’ (संकेतांक २२६१७) आणि ‘नेटवर्क अँड इन्फर्मेशन सिक्युरिटी’ (संकेतांक २२६२०). लेखी परीक्षा ७० गुणांची. २०२३-२४ पासून प्रथम वर्षापासून टप्प्याटप्प्याने ‘के’ आराखडा आला, तरी विषयांचा गाभा फारसा बदललेला नाही.

सुरक्षेच्या विषयात अक्षरे सरकवण्याचे सीझरचे कूट, ‘रेल फेन्स’ कूट, डीईएस, आरएसए, डिजिटल स्वाक्षरी, फायरवॉल, घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणा, कर्बेरॉस, आयपीसेक आणि सायबर कायदे असा मजकूर आहे. (‘रेल फेन्स’मधील रेल ही रुळांची नव्हे, आडव्या लाकडी दांड्यांच्या कुंपणाची; चारबागसारख्या रेल्वेच्या वस्तीत एवढा खुलासा केलेला बरा.) ॲपच्या विषयात अँड्रॉइडची रचना, पडद्यांची मांडणी, इंटेंट, एसक्यूलाइट, एसएमएस आणि स्थानदर्शक सेवा असे घटक येतात. परवानग्या आणि अँड्रॉइडची सुरक्षा-रचना यांची ओळख तेथेही आहे, पण ती शेवटच्या घटकात. सत्रअखेरीस शेवटच्या घटकाचे काय होते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

सुरक्षेच्या पेपरातला बराच भाग इतिहासजमा झालेल्या पद्धतींचा आहे, अशी टीका होते. ती अर्धीच खरी आहे. डीईएस ही पद्धत अमेरिकेने १९७७ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. तिची किल्ली ५६ बिटांची. १९९८ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक फ्राँटियर फाउंडेशन’ या संस्थेने खास बांधलेल्या यंत्राने सगळ्या शक्यता एकेक करून तपासत ती किल्ली तीन दिवसांच्या आत शोधून दाखवली. २००१ मध्ये एईएस हे नवे मानक आले. किल्लीची लांबी का महत्त्वाची, हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही. मात्र वर्गात वेळ जातो तो डीईएसच्या सोळा फेऱ्यांची आकृती घोटण्यात, कारण आकृती तपासणे परीक्षकाला सोपे असते. ती पद्धत मोडली कशी आणि त्यातून आजच्या ॲपने काय शिकावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आठवड्याला तीन तास आणि सोळा आठवडे धरले तर एका विषयाला ४८ तास मिळतात. त्यातले किती तास आकृतीला द्यायचे, हा निवडीचा प्रश्न आहे.

लग्नपत्रिकेतले ॲप

दोन्ही विषय एकत्र शिकवण्याची उत्तम संधी फसवणूक करणाऱ्यांनीच दिली आहे. गेल्या काही वर्षांत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा बँकेची सूचना म्हणून ‘एपीके’ फाईल पाठवण्याचे प्रकार देशभर घडत आहेत. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवण्याची फाईल. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात यायला हवी, ॲपच्या रूपात नव्हे. पण नातेवाइकाच्या क्रमांकावरून आलेल्या फाईलवर शंका कोण घेणार? ती उघडली की फोन ‘अज्ञात स्रोतावरून ॲप बसवायचे का’ असे विचारतो, मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते. दोन्ही वेळा होकार दिला की बँकेचा ओटीपी मालकाबरोबर चोरालाही मिळतो.

ॲप शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यातील प्रत्येक पायरी आधीच माहीत असते. एपीके कशी तयार होते, मॅनिफेस्टमध्ये परवानग्या कशा लिहितात, एसएमएस आल्याची सूचना ॲपला कशी मिळते, हे सारे त्याच्या प्रयोगवहीत आहे. फक्त त्याच प्रयोगाकडे चोराच्या बाजूने पाहायला त्याला कोणी सांगितलेले नसते. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून संवेदनशील परवानग्या ॲप चालू असताना मागाव्या लागतात. त्याआधी त्या ॲप बसवतानाच एकगठ्ठा दिल्या जात. हा बदल का करावा लागला, यावर एक तास घालवला तर सुरक्षेच्या पुस्तकातील ‘आवश्यक तेवढाच अधिकार’ हे तत्त्व वेगळे पाठ करावे लागत नाही. टॉर्चच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न विद्यार्थी मग स्वतःच विचारू लागतो आणि स्वतःच्या ॲपलाही विचारतो.

दुसरा धडा याहून परिणामकारक आहे : आपलेच ॲप उघडून पाहणे. एपीके फाईल उलगडून आतील मजकूर बऱ्यापैकी वाचनीय रूपात दाखवणारी मुक्त साधने उपलब्ध आहेत. विद्यार्थ्याने महिनाभर खपून लिहिलेले ॲप त्यांतून उलगडले की त्यात लिहून ठेवलेला सर्व्हरचा पासवर्ड, नकाशा सेवेची किल्ली, डेटाबेसचा पत्ता हे सारे समोर दिसते. ॲपमध्ये ठेवलेले गुपित हे गुपित नसते, हे वाक्य दहा वेळा सांगून जे होत नाही, ते या एका प्रात्यक्षिकाने होते. त्यासाठी वेगळे यंत्र, वेगळा निधी किंवा कोणाची परवानगीही लागत नाही, कारण ॲप विद्यार्थ्याचे स्वतःचे असते.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. २०१८ च्या अँड्रॉइड ९ साठी किंवा त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी बांधलेली ॲप्स साध्या, म्हणजे कूटलेखन नसलेल्या ‘एचटीटीपी’ जोडणीवर माहिती पाठवू लागली तर प्रणाली ती आपसूक अडवते. प्रयोगशाळेतील सर्व्हरवर बहुधा ‘एचटीटीपीएस’ नसते. विद्यार्थ्याचे ॲप अडते, तो इंटरनेटवर शोध घेतो आणि एका ओळीचे उत्तर मिळते. ती ओळ मॅनिफेस्टमध्ये टाकली की ॲप चालू लागते. प्रणालीने लावलेली कडी विद्यार्थ्याने काढली, हे त्यालाही कळत नाही आणि प्रात्यक्षिक तपासणाऱ्यालाही. प्रमाणपत्राच्या त्रुटीबाबतही असेच घडते : ‘कोणतेही प्रमाणपत्र स्वीकार’ अशी तयार चकती जोडली जाते. २०१२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी १३,५०० लोकप्रिय मोफत अँड्रॉइड ॲप्स तपासली होती. त्यांपैकी १,०७४ ॲप्समध्ये अशा सदोष तपासणीमुळे मधल्या मध्ये माहिती चोरली जाण्याची शक्यता आढळली. ती ॲप्स लिहिणारे सारेच नवशिके नव्हते. आता संगणकच कोड लिहून देऊ लागला आहे. तयार उत्तर अधिक लवकर मिळते, एवढाच फरक.

स्थानकावरचे वाय-फाय

सदोष प्रमाणपत्र-तपासणीने नेमके काय बिघडते, ते दाखवायला रेल्वेस्थानकासारखे उदाहरण नाही. स्थानकांवर मोफत वाय-फाय देण्याची योजना रेलटेल आणि गुगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल येथून सुरू केली. गुगल पुढे बाजूला झाले. रेलटेलची सेवा आज सहा हजारांहून अधिक स्थानकांवर आहे. गर्दीच्या फलाटावर कोणी त्याच नावाचे दुसरे वाय-फाय सुरू केले तर फोनला आणि प्रवाशाला दोन्ही नावे सारखीच दिसतात.

येथे अनेक वर्गांत ‘सार्वजनिक वाय-फाय कधीच वापरू नये’ असे सांगून विषय संपवला जातो. हे सांगणे सोपे आहे, पण पुरेसे अचूक नाही. ॲप नीट बांधलेले असेल, जोडणी एचटीटीपीएसची असेल आणि प्रमाणपत्राची तपासणी चोख असेल तर बनावट वाय-फाय चालवणाऱ्याला प्रवासी कोणत्या संकेतस्थळाकडे गेला एवढे कळू शकते, त्याने काय लिहिले हे कळत नाही. ‘कोणतेही प्रमाणपत्र स्वीकार’ असे सांगणारे ॲप मात्र त्याच फलाटावर सगळे उघडे करते. म्हणजे प्रवाशाच्या सुरक्षेचा निर्णय त्या क्षणी प्रवाशाच्या हातात उरलेलाच नसतो. तो काही महिन्यांपूर्वी, कदाचित एखाद्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत, ॲप लिहिणाऱ्याने घेऊन टाकलेला असतो. ‘वायरशार्क’ या मोफत साधनाने एचटीटीपी आणि एचटीटीपीएस अशा दोन्ही जोडण्यांवरचा लॉगिन शेजारी शेजारी दाखवला की एकात पासवर्ड वाचता येतो आणि दुसऱ्यात निव्वळ निरर्थक चिन्हे दिसतात. हे प्रात्यक्षिक अर्ध्या तासात होते.

नेटवर्कच्या बाजूने पाहिले तर दिल्लीच्या ‘एम्स’चे उदाहरण वर्गात घेण्यासारखे आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील यंत्रणेवर सायबर हल्ला झाला. नोंदणी, तपासण्या, अहवाल ही कामे अनेक दिवस कागदावर करावी लागली. पाच सर्व्हर बाधित झाल्याचे आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. हल्लेखोर आत शिरू शकले याचे कारण म्हणून नेटवर्कच्या अयोग्य विभागणीचा उल्लेख त्या उत्तरात होता. नेटवर्कचे विभाग पाडणे हा पदविकेच्या पुस्तकातला अगदी साधा धडा आहे. ‘पॅकेट ट्रेसर’ या मोफत साधनात विद्यार्थ्याला एक रुग्णालय उभे करायला सांगावे : नोंदणीखिडकी, प्रयोगशाळा, औषधभांडार, अभ्यागतांचे वाय-फाय. मग अभ्यागताच्या फोनवरून प्रयोगशाळेच्या सर्व्हरपर्यंत वाट जाते का, ते तपासावे. पहिल्या प्रयत्नात ती बहुधा जाते.

यंत्रे, फोन आणि कायदा

प्रयोगशाळेची अडचण खरी आहे. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी मेमरी लागते आणि संगणकावर बनावट फोन चालवायचा तर त्याहून अधिक. जुन्या यंत्रांवर एक पडदा उघडायला तासिकेचा चांगला भाग जातो. त्यावर अनेक शिक्षकांनी काढलेला मार्ग म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा फोन तारेने जोडणे. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारून विकसकाचा पर्याय उघडावा लागतो. काम झाल्यावर तो बंद करणे हाही सुरक्षेचाच धडा. तो तसाच चालू ठेवून अनोळखी ठिकाणी फोन जोडणे धोक्याचे असते.

सुरक्षेच्या प्रात्यक्षिकाला यंत्रांपेक्षा मर्यादा अधिक लागते. घुसखोरीची साधने हाती आली की पहिला मोह महाविद्यालयाच्या किंवा शेजाऱ्याच्या वाय-फायवर ती चालवून पाहण्याचा होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणे दंडनीय आहे आणि ते अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे कलम शेवटच्या घटकात वाचण्याचे नाही. पहिल्या प्रात्यक्षिकाआधी वाचून दाखवण्याचे आहे. सरावासाठी मुद्दाम कच्ची बांधलेली संकेतस्थळे आणि ॲप्स मोफत मिळतात. ती बाहेरच्या जगापासून तोडलेल्या चार-पाच संगणकांवर बसवली की पुरे.

उलट बाजूचा कायदाही या मुलांपर्यंत पोचायला हवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. पतसंस्थेचे ॲप लिहिणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने हे वाचलेले नसेल तर पतसंस्थेनेही ते वाचलेले नसण्याची शक्यता अधिक.

शब्दांचा गोंधळ

लखनौमध्ये हिंदीतून आणि महाराष्ट्रात मराठीतून शाळा शिकून आलेल्या मुलांपुढे आणखी एक अडथळा असतो. महाराष्ट्रात २०२१-२२ पासून पदविकेला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय आला आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘ई-कुंभ’ या संकेतस्थळावर भारतीय भाषांतील तांत्रिक पुस्तके ठेवली आहेत. परंतु पुस्तक भाषेत आले म्हणजे संकल्पना आली असे होत नाही. एन्कोडिंग, एन्क्रिप्शन आणि हॅशिंग या तीन वेगळ्या क्रियांना बोलण्यात सरसकट ‘कोडमध्ये टाकणे’ म्हटले जाते. मग ‘बेस-६४’मध्ये लिहिलेला पासवर्ड सुरक्षित आहे, अशी समजूत होते. प्रत्यक्षात बेस-६४ ही केवळ लिपी बदलण्यासारखी गोष्ट. मोडी वाचता येणाऱ्याला मोडीत लिहिलेले पत्र कसे लपणार? एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप, किल्ली असेल तर उघडणारे. हॅशिंग म्हणजे दळण : पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, पण तेच गहू तसेच दळले तर तेच पीठ मिळते. पासवर्ड पीठ करूनच ठेवायचा असतो, तोही मुद्दाम संथ दळणाऱ्या जात्यात आणि प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये वेगळी चिमूट मिसळून.

‘ऑथेंटिकेशन’ आणि ‘ऑथरायझेशन’ या जोडीचेही तसेच. पहिल्यात तू कोण हे पाहिले जाते, दुसऱ्यात तुला काय करण्याची मुभा आहे हे. निकाल दाखवणाऱ्या ॲपमध्ये विद्यार्थी स्वतःच्या नावाने आत येतो, विनंतीतील बैठक क्रमांक बदलतो आणि शेजाऱ्याची गुणपत्रिका उघडते. येथे पहिली तपासणी झालेली असते, दुसरी नसते. पदविकेच्या प्रकल्पांत हमखास सापडणारा हा दोष आहे. त्याची व्याख्या मुलांना पाठ असते, पण स्वतःच्या प्रकल्पात क्रमांक बदलून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

चारबागची परिषद असो की वांद्र्याचे मंडळ, अभ्यासक्रमाची फेररचना काही वर्षांच्या अंतराने होते आणि फोनची प्रणाली दरवर्षी बदलते. ही शर्यत कागदाला जिंकता येणार नाही. प्रकल्पाची तोंडी परीक्षा मात्र दरवर्षी होते आणि तेथे बाहेरून आलेला परीक्षक काय विचारतो यावर पुढच्या तुकडीची तयारी ठरते. सध्या बहुतेक वेळ पडदे दाखवण्यात आणि अहवालाची पाने चाळण्यात जातो. दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी परीक्षकासोबत बसून तीनच प्रश्न ठरवले तरी चालेल : ॲप कोणत्या परवानग्या मागते आणि प्रत्येक कशासाठी, पासवर्ड नेमका कोठे आणि कोणत्या रूपात आहे, आणि हा फोन आज हरवला तर मालकाने काय करायचे. उत्तरे अहवालातून वाचून दाखवायची नाहीत, चालू ॲपवर दाखवायची.